दुपारचे ऊन संध्याकाळी

मित्रांनो, मला पाठ टेकून बसलात तर तुम्हाला वाटेल, आत कुणीतरी उबेत निजले आहे. मी एक जुनी, हातभर जाडीची दगडी भिंत आहे. घराच्या दक्षिणेला उभी, बाहेरून काळी रंगवलेली, आणि माझ्यापुढे वीतभर अंतरावर काच.

घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाने मला स्वतःच्या घरासाठी बांधून घेतले. त्याची बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "लोक काळं तोंड लपवतात. तुम्ही उन्हात मांडून ठेवलंत."

"थंडी पडू दे, मग बोल," तो हसला.

थंडीत ऊन काचेतून येई आणि माझ्यात मुरत जाई. माझ्या पायाशी एक झडप, माथ्याशी एक. खोलीतली गार हवा खालून शिरे, काचेमागे तापे आणि वरून परत येई. दिवस मावळताना तो दोन्ही झडपा लावी. मग दुपारचे ऊन मी संध्याकाळभर हळूहळू खोलीला देत राही. उन्हाळ्यात तो माथ्याची झडप लावून काचेवरची बाहेरची झडप उघडत असे. तापलेली हवा तिथून निघून जाई, आणि तिच्या ओढीने मागच्या सावलीतला गारवा खिडकीतून आत येई.

त्याची लेक लहानपणी माझ्यावर गाल टेकून विचारी, "बाबा, ही झोपते कधी?"

"झोपत नाही ती. ऊन आठवत बसते."

पुढे एका उन्हाळ्यात तो गेला. लेक आईपाशी राहायला आली. झडपांना तिने कुणाचा हात लागू दिला नाही. "बाबांनी ठेवलं होतं तसंच राहू दे."

थंडी आली. मी दिवसभर तापत होते, पण माझी सारी ऊब उन्हाळ्यापासून उघड्याच राहिलेल्या बाहेरच्या झडपेतून आकाशात विरत होती. आई दोन शाली पांघरून बसे. मला काही सांगता येत नव्हते.

एका सकाळी गवंडी आला. मला ठोकून पाहत म्हणाला, "ताई, ही नुसती अडगळ. पाडू या, हीटर लावा. उद्या माणसं आणतो."

लेकीने आईच्या अंगावरच्या शाली सारख्या केल्या. मग "बरं" म्हणाली.

तो गेल्यावर ती आईला म्हणाली, "बाबांनी ठेवलेलं इतके दिवस जपलं, आई. पण तुझे हाल होतात."

"जपलंस कुठं? अगं, त्यांनी तरी ते कधी एका जागी ठेवलं? सकाळ-संध्याकाळ झडपांशी खटपट. रोज चहा गार व्हायचा."

लेक उठली. बाहेरच्या झडपेची दोरी खोलीतच लोंबत होती. तिच्या टोकाच्या लाकडी मुठीवर एक खळगा पडला होता, बाबांच्या अंगठ्याचा. तिने दोरी ओढून ती झडप लावली आणि माथ्याची उघडली.

दुपारी माथ्याजवळचा पडदा हलला. आईने एक शाल काढून घडी घातली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा आईने त्याला माझ्यापाशीच बसवले. चहा येईपर्यंत त्याने स्वेटर काढला होता. पाडण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मित्रांनो, माझी काच पुसत जा. थंडीत सकाळी आतल्या झडपा उघडा, दिवस मावळताना लावा. कुणाची आठवण म्हणून मला आहे तशी ठेवू नका. मी गार पडते. लेक आता ऋतू पालटला की ती मूठ धरते. तिचा अंगठा त्या खळग्यात थोडा सैल बसतो. थंडीत रोज संध्याकाळी झडपा लावून झाल्या की ती मला पाठ टेकते, आणि दोघी मिळून आम्ही ऊन आठवत बसतो.