कलमाभोवतीची राख

केशवराव देशकरांनी संत्र्याच्या कलमाभोवती राखेचं कडं घातलं. आता कोणी आलं तर पाऊल उमटलंच पाहिजे!

"झाड लावलंय की चौकी बसवलीय?" शामलाबाईंनी विचारलं.

बायकोचं काय जातं बोलायला! काटोलकडची वडिलांची बाग विकली गेली, तिथं प्लॉट पडले. शेवटच्या झाडाच्या काडीवरचे डोळे घेऊन माळ्यानं जंबेरी लिंबाच्या खुंटावर दोन कलमं बांधून दिली आणि मग ते झाडही तुटलं. पहिलं कलम मनीषनगरच्या या अंगणात पिवळं पडून मेलं. हे दुसरं गेलं की बापाची बाग कायमची संपली.

पहिल्याचा गुन्हेगार त्यांनी केव्हाच ठरवला होता. शेजारची पंचफुला! कलम लावलं त्याच दिवशी ती कपाळाला आठ्या घालून फाटकाशी आली होती. उद्या फांद्या आपल्याकडे येतील म्हणून भांडायला, दुसरं काय? यांनी तिच्या तोंडावर फाटकाची कडी लावली आणि वर्षभर तिच्याशी अबोला धरला. नंतर तिनंच काहीतरी ओतलं असणार.

तोवर पिशवीत वाढवलेलं दुसरं कलम त्यांनी जिवापाड जपून लावलं. खोल खड्डा, शेणखत, वाऱ्यानं हलू नये म्हणून बुंध्याला चांगली वीतभर माती चढवून पायानं घट्ट दाबलेली. तरी पानं पिवळी पडायला लागलीच. मग संशय येणार नाही तर काय!

सकाळी दूध घेऊन परतले तर कडं मोडलेलं, आणि कलमापाशी खुरपं घेऊन साक्षात पंचफुला उकिडवी बसलेली. मधली बुटकी भिंत ओलांडून आली होती.

"सापडलात रंगेहाथ!" दुधाची पिशवी हातातून सुटून फुटली. "एक मारलंत, आता हेही?"

"वरडता काहून भाऊ? अगुदर हे पाहा." तिनं बोटांनी माती सारली. "हा कलमाचा जोड. हा मातीच्या वर राहाले पाहिजे. तुमी तर गाडूनच टाकला. साल सडून राहिली."

जोड एका बाजूनं काळा, मऊ पडला होता.

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"माह्या माहेरी दोनशे झाडं होती संत्र्याची."

केशवरावांचा संशय तरी सुटेना. "मग पहिल्या वेळी काहून नाही सांगितलं?"

पंचफुलानं मान वर केली. "तेच तं सांगाले आली होती. तुमी फाटक लावून घेतलं."

केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिलं कलम मारणारा इतके दिवस या घरातच होता, आणि तोच पहारा देत होता.

"वाचेल का हो?" त्यांनी वाकून विचारलं.

"एक बाजू हिरवी हाय अजून. माती खाली घ्या, पाणी बुडापासून दूर द्या. मंग पाहू."

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागले. राख त्या मातीत मिसळून गेली. जोड पुरता उघडा झाला, तशी पंचफुला खुरपं झटकून भिंतीकडे निघाली.

"भिंतीवरून नका जाऊ, ताई," केशवराव घाईनं उठले. "फाटक उघडतो."