भिंतीकडची जागा

गवतवाल्याने चेंडू जायच्या भोकाच्या जागी वीट ठेवली, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला आणि परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. खडी पसरून झाली होती, तिच्यावर दगडाची भुकटी धुमसाने ठोकून झाली होती. प्लॅस्टिकच्या गवताची गुंडाळी मागच्या दारात आडवी पडली होती आणि जाणारा-येणारा तिला ठेचकाळत होता.

"चेंडूची रेघ भिंतीला लागूनच धरतो," तो म्हणाला. "तुम्ही या बाजूला उभं राहायचं. उजव्या हातानंच खेळणार ना?"

"हो," सासरे म्हणाले. "पण दोरी अलीकडे घ्या. भिंतीकडे माणूस उभा राहील एवढी जागा सोडा."

"तिकडे कोण उभं राहणार? डावखुरं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आम्ही डावं-उजवं करत नाही हो, पण जागा फुकट जाईल."

"जाऊ दे."

"मग ती मोटरसायकल हलवावी लागेल."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली मुलाची मोटरसायकल उभी होती. घर सोडून गेला तेव्हा 'नंतर नेतो' म्हणाला होता. सासऱ्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हलवा," ते म्हणाले.

सून चहा घेऊन आली. उंबरठ्याशी तिने ट्रे डाव्या हातावरून उजव्या हातावर घेतला. सासूबाईंना डाव्या हाताने दिलेलं-वाढलेलं खपत नसे. सासूबाई गेल्या, सवय राहिली. माणसापेक्षा सवय चिवट.

"साहेबांची मुलगी का तुम्ही?" गवतवाल्याने कप उचलत विचारलं.

"इथेच असते मी," ती म्हणाली.

याहून खरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. कागदावर ती या घराची आता कुणीच नव्हती. घटस्फोट झाला, तिने माहेरी जायची तयारी केली आणि नेमके सासरे जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा फोनवर 'बघतो' म्हणाला आणि अजून बघतच होता. ती थांबली. पाय बरा होईपर्यंत, असं तिने आपल्या भावाला सांगितलं. सासरे 'थांब'ही म्हणाले नाहीत आणि 'जा'ही म्हणाले नाहीत. मिठाची गुळणी धरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता पाय बरा झाला होता. इतका, की डॉक्टरांनी 'वाकायची, तोल सांभाळायची सवय ठेवा' म्हटल्यावर म्हाताऱ्याने चक्क गोल्फ काढला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "गवत तर आलं, आता म्हैस कधी आणताय?" सासरे हसले होते. तीही हसली होती, म्हणजे तोंड तसं झालं होतं.

रविवारी दादा न्यायला येणार होता. बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. वाईट वाटतंय का, हे तिने स्वतःला एकदोनदा विचारून पाहिलं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं काहीसं चाललं होतं. एवढं मात्र तिला कळत होतं, की म्हातारा स्वतःची करमणूक स्वतः करायला लागला आणि आपलं काम संपलं. एकदा तोंडाने 'राहा' म्हणाले असते, तर ती राहिली असती. पण आपण होऊन कसं विचारणार? कुठल्या नात्याने?

ती आत जाऊन कपडे घड्या करत बसली. बाहेर गुंडाळी उलगडल्याचा, मग सुरीने कापल्याचा, मग गवतात झाडूने वाळू बसवल्याचा आवाज येत राहिला. ऊन उतरलं तेव्हा गवतवाला हत्यारं गोळा करून निघून गेला. मोटरसायकल फाटकाबाहेर, ताडपत्रीशिवाय उभी होती.

"अगं, जरा बाहेर ये," सासऱ्यांनी हाक मारली.

त्यांनी एका लांबट खोक्यातून दोन काठ्या काढल्या होत्या. एक भिंतीला टेकवून ठेवली होती. दुसरी घेऊन ते दोरीच्या जागी वाकले, कण्हले आणि चेंडू ढकलला. चेंडू अर्ध्या वाटेत थांबला.

"आता तू मार एक."

तिने भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि त्यांच्यासारखीच धरली. काठीचा चपटा भाग नको त्या बाजूला आला. तिने ती फिरवून पाहिली.

"बाबा, ही उलटी आलीय. बदलून मागवायला हवी. मी गेल्यावर तुम्ही विसराल, उद्याच फोन करते."

"उलटी नाही. तशीच मागवलीय."

"कुणासाठी?"

सासरे चेंडू उचलायला गेले. पाठमोरेच बोलले.

"इतके महिने खाटेवर पडून होतो. खाटेवरून ओटा दिसतो. भाजी डाव्या हातानं चिरतेस. कुणी आलं की सुरी उजव्या हातात घेतेस."

काठी धरलेल्या तिच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. सासऱ्यांनी चेंडू तिच्यासमोर आणून ठेवला आणि उगाचच पायाने थोडा सरकवला.

"रविवारी दादा येणार आहे," ती म्हणाली.

"येऊ दे की. जेवून जाईल."

ती वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली. हात बदलले आणि चेंडूवर वाकली. पाठ भिंतीला घासली नाही.