पाव तास थांबणारी बस

स्मोल्यान या डोंगरातल्या शहराच्या बस डेपोचं वेळापत्रक यासेननं पर्ल या संगणकाच्या भाषेत लिहिलेला जुना प्रोग्राम काढायचा. यासेन, नेवेनाचा डेपोतला सोबती, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला संत्र्यांच्या गोदामात कामाला गेला तो तिकडचाच झाला. प्रोग्राम मात्र इथेच राहिला. आता तो पायथन या नव्या भाषेत उतरवायचं काम नेवेनाच्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते संपूच नये असं तिला वाटत होतं. पर्ल म्हणजे कंसांचं आणि डॉलरच्या चिन्हांचं नुसतं रान, कीबोर्डवरून मांजर पळाल्यासारखं. पण एकेक ओळ सोडवताना यासेन शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतोय, टरफलं तिच्याच टेबलावर टाकतोय, असा तिला भास व्हायचा.

त्यात एक ओळ होती. त्स्वेत्नित्साला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वरच्या गावाची शेवटची बस पाव तास उशिरा सोडायची. फुलांची नि झाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा तो नामदिन, म्हणजे नावाचा सण; नेवेना हे फुलाचं नाव, यासेन झाडाचं, म्हणून दोघांचाही. नामदिनाला आपल्यात कुणी बोलावणं धाडत नाही. दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. यासेन दरवर्षी वरच्या गावात नेवेनाकडे यायला निघायचा आणि दरवर्षी त्याची बस चुकायची. शेवटी पठ्ठ्यानं बसलाच थांबायला शिकवलं.

नवा साहेब कालोयान म्हणाला, ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती उडवा. कारण नेवेनाला चांगलं ठाऊक होतं, पण सांगणार कुठल्या तोंडानं? तिनं चेहरा अगदी भोळा केला.

"उडवते की, साहेब. तुमच्या सासूबाई त्याच बसनं येतात ना तुमच्याकडे? पाव तास आधीच पोचतील बिचाऱ्या."

कालोयाननं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, जुनी पद्धत उगाच मोडू नये.

ओळ वाचली. काम उरकल्यावर तिनं दोन्ही प्रोग्राम शेजारीशेजारी चालवून पाहिले. सगळं जुळलं, पण नवी बस भलत्याच रविवारी थांबत होती. ईस्टर काढायला तिनं पायथनची तयार सोय वापरली होती, आणि आपला ऑर्थोडॉक्स ईस्टर हवा हे त्या सोयीला सांगायचंच राहिलं होतं. न सांगता ती कॅथलिकांचाच, म्हणजे स्पेनसारख्या देशांतला धरते, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या आधीच्या एखाद्या रविवारी येतो.

ड्रायव्हर मिन्को कॉफी घेऊन मागे उभा होता. तो फिदीफिदी हसला. "अगं बाई, तुझी बस तर स्पेनच्या रविवारी थांबतेय."

तो बोलून गेला. नेवेनानं स्क्रीनवरची ती तारीख परत वाचली. यासेनच्या भिंतीवर आता तिकडचंच कॅलेंडर असणार. फोन करावा, तर नामदिनाला बोलवायचं नसतं. ही सबब तिनं इतकी वर्षं जपून वापरली होती.

तिनं आपला रविवार दुरुस्त केला. तो दुसरा, स्पेनचा, मात्र पुसला नाही.

पुढच्या वसंतात, स्पेनच्या रविवारी, शेवटच्या बसनं घरी जायला नेवेना डेपोत आली. बस सुटायला तयार होती, तरी हलत नव्हती.

"आज कुणाची वाट बघायची?" मिन्कोनं विचारलं.

"वेळापत्रकात थांब म्हटलंय ना? मग थांब."

पाव तास सरला. विमानानं आलेल्यांना राजधानी सोफियाहून आणणारी गाडी आली का, तिनं विचारलं. कधीच आली, मिन्को म्हणाला, उतरले तेवढे सगळे बसलेत. नेवेना वर चढली, खिडकीपाशी बसली, आणि शेजारच्या सीटवर जागा धरल्यासारखी पर्स ठेवली.

"सोड आता," ती म्हणाली. "आपला रविवार अजून यायचाय."