डांबरगोळ्यांचा वास

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बायको शालन तांदळाच्या डब्यातून परत आली. नखाएवढी, राखाडी, पंखांवर एक तिरकी पांढरी रेघ आणि तोंडापुढे छोटीशी सोंड. कॉलेजच्या कीटकसंग्रहात मी एकतीस वर्षं पेट्या सांभाळल्या, त्यामुळे जात लगेच ओळखली. संग्रहात या पतंगाचा एकच नमुना आहे, माझ्याच पेटीत, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खालच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : सात दिवस जगतो.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. तिचा भाऊ मुरारी हात जोडून कबूल करत राहिला, "ताई, तुझ्या पाटल्या धाकट्या बहिणीला देऊ. तुळस सुकू देणार नाही." कावळा मान फिरवून बसला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो. मी काहीच कबूल केलं नव्हतं. मला सुचलंच नाही.

"काय राहिलं होतं गं?" मी आता विचारलं.

"तुमच्याजवळ बसायचं राहिलं," ती म्हणाली. "डांबरगोळ्यांचा वास येतो हो तुम्हाला. आधी नुसतं डोकं दुखायचं. आता जवळ आले तर मरेन."

हे ती कधी बोलली नव्हती, की मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. पेट्यांना कीड लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात गोळ्या ठेवणारा माणूस मी. तिच्या लग्नाच्या शालूतही चार ठेवल्या होत्या, मोठ्या प्रेमाने.

मी आंघोळी सुरू केल्या. शिकेकाई, डाळीचं पीठ, लिंबाच्या साली. दर आंघोळीनंतर घर वीतभर लहान झालेलं असे. तिसऱ्या दिवशी पलंग मावेना. पाचव्या दिवशी भिंतींना पांढरा कागद लागला आणि छताची काच झाली. सहाव्या दिवशी जमीन बुचाची झाली, पावलांना मऊ लागली. शालन चारही कोपरे सोडून मधोमध बसे.

"झालं का?" ती विचारी.

"अजून एकदा," मी म्हणे.

सातव्या दिवशी मला उभंही राहता येईना. पाठ पेटीच्या कोपऱ्याला टेकली होती. मी सोलवटलेला हात हुंगला. नुसता माणसाचा वास. मला रडूच कोसळलं.

"ये गं," मी म्हणालो. "ये, बस."

तिचे पंख झिजले होते, तरी ती निघाली. तिला बसता यावं म्हणून मी मूठ उघडली. तळहातावर एक पांढरीशुभ्र गोळी होती.

मी मूठ मिटायला गेलो. मिटेना. शालन येतच होती.