इंजिनाची भूक

माझी बायको म्हणते, तुम्ही गाड्या दुरुस्त करत नाही, त्यांच्या चौकशा करता. खरं आहे. माधवनगरात माझं गॅरेज आहे आणि नको तिथे नाक खुपसायची खोड मला जन्मापासून आहे. ज्याला नुसती गाडी चालू करून हवी असेल, त्याने खुशाल दुसरीकडे जावं.

जयराज त्यातलाच निघाला. शिराळ्याकडचा फौजी गडी, सुट्टी संपत आलेली. सोबत त्याची आई, अंबूबाई. गाडीतून पाय खाली टाकायच्या आधीच त्याने हुकूम सोडला.

"अण्णा, चढाला लागली का खडखड करती आन मदीच बंद पडती. लॅपटॉप जोडा, पेट्रोल वाडवा, टायमिंग मागं घ्या. इषय संपला."

"डाक्टरकडं जाऊन औषध तूच सांगतोस व्हय रं?"

तो हसला नाही. त्याची बायको शिवांजली पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तो उद्या ड्यूटीवर निघणार. दवाखान्यात न्यायला घरात हीच एक गाडी. चालवायला शेजारचा भाऊसो होता, पण गाडीचाच भरवसा नव्हता.

"वाटंत बंद पडली तर?" तो म्हणाला. हुकमाचा आवाज आता पार खाली आला होता.

मग कळलं, की पेट्रोल-टायमिंगचा हा खेळ भाऊसोने दिवाळीत एका गॅरेजात करून आणला होता. थोडे दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. तिथेच माझे कान टवकारले. एकदा बसवलेला हिशेब आपोआप कसा बिघडेल?

मी स्कॅनर जोडला. इंजिनात हवा किती शिरली, हे एक सेन्सर मोजतो. त्याच्या शब्दावर कंप्युटर पेट्रोल सोडतो आणि ठिणगी कधी पाडायची ते, म्हणजे टायमिंग, ठरवतो. सायलेन्सरच्या नळीतला दुसरा सेन्सर जळलेला धूर चाखून सांगतो, मीठ कमी पडलं की जास्त झालं. इथे तो दुसरा एकसारखा ठणाणा करत होता. पेट्रोल कमी आहे, आणखी द्या, आणखी द्या. अशी भूक मी कुठल्याच इंजिनाची पाहिली नव्हती.

पंप तपासला, ठीक. हवा कुठून चोरून शिरत नव्हती. मग ॲक्सिलरेटर दाबून हवेचा आकडा पाहिला, तर तो फारच कमी. म्हणजे खोटं बोलत होता तो पहिला सेन्सर. "थोडीच हवा आली" म्हणतो, म्हणून कंप्युटर पेट्रोल हात राखून सोडतो, आणि इंजिनावर ओझं नाही असं समजून ठिणगीही लवकर पाडतो. चढाला खडखड होणार नाही तर काय? आणि आधीच्या शहाण्याने खोटारड्याला धरायचं सोडून हिशेबच बदलला होता. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो.

"अण्णा, येळ न्हाई," जयराज म्हणाला.

"मग गप उभा ऱ्हा."

हवेचा सेन्सर काढला. आतल्या, हवा मोजणाऱ्या केसाएवढ्या तारेवर तपकिरी, चिकट थर बसला होता. ऑइल असणार म्हणून नाकाशी नेला, तर वास भलताच. देवघराचा. मी जयराजपुढे धरला, त्याने तोंड वाकडं केलं. मी पुन्हा हुंगला. इतक्या वर्षांत इंजिनात उंदीर सापडले, चिमणीचं घरटं सापडलं, पण देवघर पहिल्यांदाच.

"ऊदाचा हाय," मागून बाकड्यावरून अंबूबाई म्हणाल्या. "माज्याच."

आम्ही दोघंही वळलो.

"दर आवसंला दावती मी. गवरीच्या इस्तवावर ऊद टाकायचा, गाडी चालू करायला लावायची भाऊसोला, आन म्होरं हवा वढती त्या नळीच्या तोंडाशी धरायचा. निस्ता वढून घेती बगा! समदा."

मी एअर फिल्टरची पेटी पाहिली. झाकणाची क्लिप तुटलेली, एका बाजूने फट. फिल्टरला वळसा घालून धूर थेट तारेवर. दर अमावस्येला नवा थर.

जयराजचा तोल गेला. "आये, तू गाडीचा घास घेतलास! शिवांजली वाटंत अडकली असती म्हंजी?"

म्हातारीने पदर सारखा केला.

"मावशी," मी म्हणालो, "ऊद दावा की. पर गाडी बंद करून."

"बंद गाडी वढती व्हय, अण्णा?" त्या माझ्याकडेच बघत बोलल्या. "ह्यो तिकडं बर्फात. फोन लागंल तवा लागंल. ह्येला दावावा तर घरी असला तरी मान फिरवतो, ठसका लागतो म्हनं. मग म्हनलं, ह्येच्या गाडीला दावू. तिनं वढला का वाटायचं, ह्येला पोचलं. बंद गाडीला दावून पोचलं त्ये कसं कळायचं?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी खाली मान घालून कामाला लागलो. स्प्रे मारून तार साफ केली, नवी क्लिप बसवली. आधीच्याने बदललेला हिशेब मूळपदावर आणायला शेवटी लॅपटॉप उघडावाच लागला. मग जयराजला स्टिअरिंगवर बसवून पुलाच्या चढावर नेलं. इंजिनाची भूक निवली होती, ठिणगी वेळेवर पडत होती, खडखडीचं नाव नाही. तो दोनदा चढ चढला, तिसऱ्यांदा मुद्दाम मध्येच थांबून पुन्हा निघाला.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गॅरेजात रोज या वेळी ऊद घालायची आमची पद्धत. मी धुपाटण्यात निखारे घेऊन वर ऊद टाकला आणि देवांच्या फोटोंकडे निघालो, तोच जयराजने ते माझ्या हातून घेतलं आणि आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आये, मला दाव."

अंबूबाई आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत त्यांनी धुपाटणं ओवाळलं, आणि त्या धिप्पाड गड्याने वाकून, छाती फुगवून तो धूर आत ओढला. असा जोराचा ठसका लागला, की त्याला गाडीचा टेकू घ्यावा लागला.

"पुरं रं, पुरं," पाठीवर थोपटत म्हातारी म्हणाली. "पोचलं."

जयराजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते ठसक्याचं की कशाचं, ही चौकशी मात्र मी केली नाही.