सगळ्यांचा एकच नंबर

दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरचा आराखडा मी आखला होता आणि आज दुपारी तो पुण्याच्या यशोधन सरांपुढे ऑनलाइन मांडायचा होता. पास झाला तर प्रोजेक्ट माझ्या हातात, तोही इथे अधारतालला, सासरच्या घरी बसून. नाहीतर चंबूगबाळं आवरून पुणं गाठायचं.

सरांची एकच अट होती, आधी पत्ते खेळायचे. आराखडा आखणाऱ्यांसाठी कंपनीने हे पत्ते छापून घेतलेत. प्रत्येकावर एक प्रश्न. उत्तर मोठ्याने द्यायचं. मला तो निव्वळ पोरखेळ वाटायचा. माझा नियम सरळ होता, मोबाइल नंबर हीच पेशंटची ओळख. त्यासाठी भांडून भांडून मी टीममधल्या सगळ्यांना गप्प केलं होतं.

जेवणानंतर टेबलावर पत्ते पसरले. समोर सासूबाई मेथी निवडत होत्या, फोन मांडीवर. माझ्या लेकीचा, सलोनीचा, रक्ताचा रिपोर्ट यायचा होता.

"काहून गं, एकटीच रमी खेळून राहिली?"

"ऑफिसचं काम आहे, आई."

"अच्छा! मजेचं आहे तुझं ऑफिस."

मी चिडूनच पत्ता ओढला. ‘तुम्ही काय गृहीत धरलंय? ते कोणाच्या घरी खोटं ठरेल?’

"एका माणसाचा एक नंबर," मी ठणकावलं. "कोणाच्याच घरी..."

नजर त्यांच्या मांडीवरच्या फोनवर गेली.

"आई, बाबांचे शुगरचे रिपोर्ट कोणाच्या फोनवर येतात?"

"माझ्याच. तुझेही. तूच तर लिहून दिला होता नंबर. घरात फोन उचलते कोण दुसरं?"

नंबर एक, म्हणजे पेशंटही एकच. माझ्या आराखड्यात बाबांची शुगर आठ वर्षांच्या सलोनीच्या नावावर चढली असती.

गप्प राहिले असते तर झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळलंही नसतं. पण सलोनीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मीटिंगमध्ये मी सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "आमच्या घरचे सगळे रिपोर्ट बायकोच्या नंबरवर येतात." टीममधला आलोक पुटपुटला, "आमचे वहिनीच्या." इतके दिवस भांडलो, पण आपलं घर एकालाही आठवलं नव्हतं.

"आराखडा नापास," सर म्हणाले. "नवा तूच कर. तिथेच बसून."

मीटिंग संपवून मी खोलीतून बाहेर आले.

"सलोनीचा रिपोर्ट आला, सब ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "जिंकली का रमी?"

"हरले," म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसून उरलेली मेथी पुढ्यात ओढली.