आठवडाभर टिकणारी डबी

सासूबाईंच्या अंगाला बाजारातलं कुठलंच क्रीम चालत नाही. लावलं की कोपरांवर, मानेवर लाल चट्टे उठतात आणि घरादाराची झोप उडते. म्हणून ते मी घरीच करते. मेण आणि बदामाचं तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवायचं, दुसऱ्या वाटीत गुलाबपाणी तितकंच गरम करायचं आणि बारीक धारेनं सोडत फेटत राहायचं. हळूहळू लोण्यासारखं पांढरं होतं. टिकावं म्हणून त्यात काही घालत नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा डबी आठवडाभरच जाते. मग कडेनं बुरशी धरते.

म्हणून लग्न असो की आजारपण, घराबाहेर मीही आठवडाभरच टिकते.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," सासूबाई म्हणतात. पूर्वी हे ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. आता बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.

मुलीचा फोन आला. "आई, डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. यांची पाळीची नोकरी. तू येशील ना?"

"येते," मी म्हटलं. शब्द दिला.

मी नसताना क्रीम करता यावं म्हणून धाकटी जाऊ आनंदानं शिकायला बसली. तिची पहिली वाटी फाटली. तेल एकीकडे, पाणी एकीकडे.

"घाई केलीस. दोन्ही वाट्या हाताला सारख्या लागल्या पाहिजेत, तरच मिळून येतं."

"माणसांना पण असं शेकता आलं असतं तर बरं झालं असतं, ताई."

दुसरी वाटी छान जमली. सासूबाईंनी बोटभर लावून पाहिलं. "जळजळतंय."

"अहो आई, ताईंचंच तेल, ताईंचंच मेण."

"आणि हात कुणाचा?"

सकाळी उठल्यापासून जप संपून दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही. कितीतरी वर्षांचा नेम आहे. त्या वेळात घरातले माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात.

"थोरली जात नाहीये," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "मी आत्ताच विचारलं. नाही म्हणाली नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवायला नेमाची आडकाठी नव्हती. पण ती हललीच नाही. मी माळ ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी जप चालू असताना धाकटी आली. माझ्या निळ्या झाकणाच्या डबीत उरलेलं क्रीम तिनं स्वतःच्या टाचांना फासलं, डबी पुसली आणि आपलं क्रीम तिच्यात भरलं. मी तिचं मनगट धरलं.

"मौन आहे ना तुमचं? मग गप्प बसा," ती कुजबुजली आणि डबी घेऊन गेली.

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "आहा. ह्याला म्हणतात थोरलीचा हात."

जप संपला, दिवा लावला, पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं. खोटं न बोलण्याचा नेम मौनाहून जुना आहे. मी मुकाट्यानं बॅग काढली.

"आज दिवसभराचं व्रत का?" सासूबाईंनी विचारलं.

या वेळी मात्र मान लगेच हलली. हो म्हणून.

संध्याकाळी त्यांनी कोपर पुढे केलं. "जा बाई लेकीकडे. ह्या डबीतल्यासारखं भरपूर करून ठेव आणि संपायच्या आत परत ये."

म्हणजे पुन्हा आठवडाच. मी क्रीम चोळत होते. सकाळचा चट्टा फिका पडला होता.

"आई, हे धाकटीनं केलंय," मी म्हटलं. "सकाळचंही तिचंच होतं."

त्यांनी हात काढून घेतला. कोपर निरखून पाहिलं. मग नख चालू झालं.

"तरीच दिवसभर नुसती आग होतेय."

"तुम्ही तर छान झोपला होतात."

"आग होत होती म्हणून पडले होते."

"मी उद्या निघतेय. बाळ होईपर्यंत तिकडेच राहीन."

"आणि रात्री-अपरात्री अंगावर उठलं तर?"

"धाकटीला हाक मारा. मला मारलेली ऐकू यायची नाही."

माझा आवाज चढला नव्हता.

खोलीत येऊन कपड्यांच्या घड्या घालू लागले. भिंतीपलीकडून खाजवल्याचा आवाज येत होता. एकेका ओरखड्यासरशी पाय स्वयंपाकघराकडे वळत होते. दोन वाट्या, चमचा, पाचच मिनिटांचं काम.

"थोरले."

मी चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"थोरले, अगं."

चादरीचं टोक मुठीत धरून उभी राहिले. पलीकडे ओरखडे थांबले, पुन्हा सुरू झाले. किती वेळ गेला कोण जाणे. मग अगदी हळू, जिवावर आल्यासारखी हाक आली, "धाकटे... ती डबी आण बघू."

धाकटीच्या चपला फटफटत माझ्या दारावरून गेल्या. मी बॅगेची चेन ओढली. अर्ध्यात कापड अडकलं. ते सोडवलं आणि पुन्हा ओढली.